मास्कमागचा माणूस

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, फार तर धनराज पिल्ले. पण बर्फावरची आइस हॉकी हा वेगळाच प्रकार आहे. तिथे बॉल नसतो. व्हल्कनाइझ्ड रबराची एक इंच जाड आणि तीन इंच व्यासाची चकती असते, तिला पक म्हणतात. वजन १७० ग्रॅमपर्यंत, म्हणजे आपल्या सीझन बॉलपेक्षा जरा जास्तच. हा पक सेकंदाला ४० मीटर वेगाने आला तर त्याची कायनेटिक एनर्जी होते १३६ ज्यूल. (गणित करून बघा, फर्स्ट इयरचंच आहे.) आणि १९५९ सालापर्यंत या पकसमोर गोलकीपर उघड्या तोंडाने उभा राहत असे!

ही पद्धत ज्याने मोडली त्याचं नाव झाक प्लांट.

प्लांटचा जन्म १७ जानेवारी १९२९ रोजी कॅनडाच्या क्विबेक प्रांतात झाला. अकरा भावंडांत तो सगळ्यात मोठा. वडील शाविनिगन गावात कारखान्यात कामाला होते. घरात पैशाची ओढाताण. आईने त्याला विणकाम शिकवलं आणि लोकरीच्या टोप्या तो स्वतःच विणायचा. पुढे मोठा खेळाडू झाल्यावरही त्याने हे विणकाम सोडलं नाही. लहानपणापासून त्याला दमा होता. फार वेळ स्केटिंग केलं की धाप लागायची, म्हणून तो गोलमध्ये उभा राहू लागला. थोडा मोठा झाल्यावर तो एका कारखान्याच्या टीमकडून खेळायचा. वडिलांनी सांगितलं, कोचकडे पैसे माग. कोचने मॅचला ५० सेंट द्यायचं कबूल केलं, पण बाकीच्या पोरांना सांगायचं नाही या अटीवर.

ज्युनिअरमध्ये खेळताना त्याच्या टीमचा डिफेन्स अगदीच कच्चा होता. मग प्लांट स्वतःच गोल सोडून पुढे यायचा, गोलच्या मागे जाऊन पक अडवायचा आणि आपल्या खेळाडूंकडे सरकवायचा. लोकांना वाटायचं, याचं डोकं फिरलंय. आज हे प्रत्येक गोलकीपरला शिकवलं जातं.

१९५२-५३ च्या सीझनमध्ये तो माँट्रियल कॅनेडियन्सकडून पहिल्यांदा एनएचएलमध्ये खेळला आणि दोन वर्षांत त्यांचा मुख्य गोलकीपर झाला. १९५६ ते १९६० या काळात या टीमने सलग पाच वेळा स्टॅनली कप जिंकला. हा विक्रम अजूनही कोणी मोडलेला नाही. त्या पाचही वर्षी सर्वोत्तम गोलकीपिंगची व्हेझिना ट्रॉफी प्लांटकडेच होती.

पण या यशाची किंमत त्याचा चेहरा भरत होता. गालाची हाडं मोडली, टाके तर किती पडले! १९५८ साली बिल बर्चमोर नावाच्या माणसाने त्याला मॅचमध्ये जखमी होताना पाहिलं. बर्चमोर फायबरग्लास बनवणाऱ्या कंपनीत होता. चेहऱ्यावर बरोबर बसेल असा मास्क या मटेरियलचा करता येईल, असं त्याच्या मनात आलं. प्लांटच्या चेहऱ्याचा साचा घेतला गेला आणि त्यावर फायबरग्लासचा मास्क तयार झाला. प्रॅक्टिसमध्ये तो वापरायला कोच टो ब्लेकची हरकत नव्हती. मॅचमध्ये मात्र साफ नकार. मास्कमुळे पायाजवळचा पक दिसणार नाही, असं त्याचं म्हणणं. शिवाय मास्क लावणारा म्हणजे घाबरट, असा त्या काळी समज होता. लीगमध्ये टीम फक्त सहा, म्हणजे मुख्य गोलकीपरच्या जागाही सहाच. घाबरट म्हणवून घ्यायला कोण तयार होणार?

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका सरळ प्लांटच्या तोंडावर बसला. रक्ताने माखलेल्या प्लांटला आत नेऊन टाके घातले. तेव्हा टीमबरोबर दुसरा गोलकीपर ठेवायची पद्धत नव्हती. प्लांटने ब्लेकला सांगून टाकलं की मास्क घालू दिला तरच मी बर्फावर जाईन. ब्लेक चिडला, पण इलाज नव्हता. प्लांट मास्क लावून आला आणि माँट्रियलने मॅच ३-१ अशी जिंकली.

जखम भरली की मास्क काढायचा, असं ठरलं होतं. पण टीम हरेचना. पुढे मार्च १९६० मध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर प्लांट एकदा मास्कशिवाय खेळला आणि टीम ०-३ अशी हरली. त्यानंतर मास्क परत आला तो कायमचाच.

खरं तर मास्क लावणारा हा पहिलाच नव्हे. १९३० साली क्लिंट बेनेडिक्टने नाक मोडल्यावर चामड्याचा मास्क वापरला होता, पण काही मॅचनंतर सोडून दिला. प्लांटने सोडला नाही, फरक एवढाच.

१९६२ साली त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी मिळाली. तरी पुढच्याच वर्षी माँट्रियलने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. १९६५ मध्ये तो रिटायर झाला, पण १९६८ मध्ये सेंट लुईसकडून परत आला आणि चाळिशीत ग्लेन हॉलच्या जोडीने सातवी व्हेझिना ट्रॉफी मिळवली. १९७० च्या फायनलमध्ये बोस्टनविरुद्ध एक पक त्याच्या कपाळावर आदळला. प्लांट बेशुद्ध पडला. मास्क नसता तर त्या दिवशी त्याचा जीवच गेला असता. त्यानंतरही तो टोरंटो, बोस्टन आणि एडमंटनकडून खेळला. १९७५ मध्ये धाकटा मुलगा गेला आणि प्लांटने खेळ कायमचा थांबवला. शेवटची वर्षं तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला. २७ फेब्रुवारी १९८६ रोजी जिनिव्हात कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला. १९७४ नंतर एनएचएलमध्ये एकही गोलकीपर उघड्या चेहऱ्याने उभा राहिलेला नाही.

मित्रांनो, मास्क बनवणं हे इंजिनिअरिंगचं काम होतं. अवघड होतं ते सगळ्यांसमोर घाबरट म्हणवून घेऊन तो लावणं. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरसमोर गॉगल न लावणारे आणि हेल्मेट आरशाला अडकवून हायवेवर बाइक पळवणारे आपल्याच हॉस्टेलवर किती आहेत! कोण काय म्हणेल याचीच भीती ना? मग खरा घाबरट कोण, ते ज्याने त्याने ठरवावं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी