बीजसंग्राहक निकोलाय वाव्हिलोव

पिकाच्या आनुवंशिक द्रव्यात नेमक्या जागी बदल घडवून त्याचे गुण सुधारण्याच्या विद्येस जनुक-संपादन म्हणतात. आज ही विद्या सर्वतोमुखी झाली आहे. पण बदल कोठे करावा, हे आधी कळावे लागते. ती दृष्टी ज्यांनी दिली, त्यांत निकोलाय वाव्हिलोव ह्या रशियन शास्त्रज्ञाचे नाव आम्ही अग्रभागी ठेवतो.

त्यांचा जन्म १८८७ साली मॉस्को येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. कृषिविद्येचे अध्ययन आटोपून ते इंग्लंडात बेटसन ह्यांच्यापाशी राहिले. एका वाणाच्या गव्हावर भुरी पडते आणि दुसरा निरोगी राहतो, असे का, ह्या प्रश्नाने त्यांस तरुणपणीच पछाडले होते. १९२० साली सरातोव येथे त्यांनी आपला नियम मांडला. परस्परांशी नाते असलेल्या वनस्पतींत सारखेच भेद आढळतात. म्हणून एकीत जो गुण दिसला तो तिच्या भावंडांतही शोधावा, असे त्याचे तात्पर्य. ह्या नियमाचे मर्म पुढे गव्हानेच उघड केले. इथिओपियातील जवाच्या काही गावठी वाणांत एक जनुक निकामी असते, म्हणून त्यांवर भुरी पडत नाही. गव्हात ह्याच जनुकाच्या तीन प्रती असतात. तिन्ही आपोआप बिघडणे जवळजवळ अशक्य. २०१४ साली चिनी शास्त्रज्ञांनी संपादनाने तिन्ही बंद पाडल्या आणि त्या गव्हाने भुरीस दाद दिली नाही!

असेच गुण धुंडीत वाव्हिलोव इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया, दक्षिण अमेरिका येथे हिंडले. लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले. परंतु स्टॅलिनच्या मर्जीतील लायसेंको ह्याने आनुवंशशास्त्रच थोतांड ठरविले. वाव्हिलोव नमले नाहीत. ऑगस्ट १९४० मध्ये, युक्रेनात वनस्पती गोळा करीत असतानाच, त्यांस अटक झाली.

पुढील वर्षी जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. शहर उपासमारीने मरू लागले. पण संस्थेतील सेवकांनी त्या बियाण्यांस हात लावला नाही. भाताच्या संग्रहाचा रक्षक तांदळाच्या पुड्यांमध्येच भुकेने गेला. इकडे हे भांडार जमविणारे वाव्हिलोवही २६ जानेवारी १९४३ रोजी सरातोवच्या तुरुंगात अन्नावाचून निवर्तले. ज्या नगरीत नियम मांडला, त्याच नगरीत! १९५५ साली सरकारने त्यांस निर्दोष ठरविले. ती संस्था आज त्यांचेच नाव धारण करते. बियाणी तेथे अद्याप जतन केलेली आहेत.