आल्तिएरो स्पिनेली : बेटावरचा बंदिवान

वाचकहो, लहान बेटावरचा विचार किती दूर जाऊ शकतो, हे या थोर पुरुषाच्या चरित्रावरून दिसते.

आल्तिएरो स्पिनेली यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९०७ रोजी रोम येथे झाला. ते तरुणपणीच कम्युनिस्ट पक्षात गेले. मुसोलिनीच्या राजवटीला विरोध केल्यामुळे १९२७ साली त्यांना अटक झाली. तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते. दहा वर्षे तुरुंगात आणि सहा वर्षे स्थानबद्धतेत गेली. या काळात त्यांचा पक्षावरील विश्वास उडाला व १९३७ साली पक्षाने त्यांना काढून टाकले.

पुढे त्यांना वेंतोतेने या चिमुकल्या बेटावर ठेवण्यात आले. तेथे १९४१ साली त्यांनी एर्नेस्तो रोस्सी यांच्यासह एक जाहीरनामा लिहिला. युरोपातील राष्ट्रे वेगवेगळी राहून भांडत बसली तर युद्धे थांबणार नाहीत, सर्वांचे एक संघराज्य हवे, हे त्याचे सार होते. उर्सुला हिर्शमान या धाडसी बाईंनी तो गुपचूप मुख्य भूमीवर पोहोचविला. त्याच पुढे स्पिनेलींच्या पत्नी झाल्या.

ऑगस्ट १९४३ मध्ये सुटका होताच त्यांनी मिलान येथे संघराज्यवादी चळवळ स्थापन केली. १९५७ साली सहा सरकारांनी रोमचा करार केला, पण स्पिनेलींचे समाधान झाले नाही. मंत्र्यांनी आपसात ठरवायचे आणि जनतेने नुसते पाहायचे, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांच्या चळवळीने अनेक शहरांत नागरिकांकडूनच मतदान करवून घेतले. त्या मतदानाला कायद्याचा आधार नव्हता. सरकारांनी लक्ष दिले नाही व तो प्रयत्न मागे पडला, पण स्पिनेली खचले नाहीत.

१९७९ साली युरोपच्या संसदेची निवडणूक प्रथमच थेट जनतेने केली. स्पिनेली निवडून आले. त्यांच्या पुढाकाराने तयार झालेला युरोपीय संघाचा मसुदा १४ फेब्रुवारी १९८४ रोजी २३७ विरुद्ध ३१ मतांनी संमत झाला. सरकारांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. २३ मे १९८६ रोजी स्पिनेलींचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वेंतोतेने बेटावरच विसावल्या आहेत.

२०१२ पासून युरोपातील दहा लाख नागरिक सह्या करून नव्या कायद्याची मागणी करू शकतात. आपला मॉरिशसही आफ्रिकी संघाचा व हिंदी महासागर आयोगाचा सभासद आहे. तेथील निर्णयांत सामान्य माणसाचा आवाज किती पोहोचतो, हे आपणही विचारावयास हवे.