सरखेल कान्होजी आंग्रे

आपल्या धाराशिव जिल्ह्यास समुद्र नाहीं. दुर्ग आणि पाणी यांचा संयोग पाहावयाचा तर आपण नळदुर्गास जातों. परंतु ज्यांची सारी हयात खाऱ्या पाण्यावर गेली, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही येथें सांगत आहों.

कान्होजींचा जन्म सुमारें १६६९ सालीं झाला. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारांत होते. कान्होजी सुवर्णदुर्गावर पराक्रमानें पुढें आले व मराठी आरमाराचे सरखेल झाले. कुलाबा हें त्यांचें मुख्य ठाणें होतें.

त्यांच्या आरमारांत गुराब जातीचीं जहाजें व त्यांहून लहान गलबतें असत. गलबतास चाळीस-पन्नास वल्हीं असल्यामुळें वारा पडला तरी तें चाले. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांवरील तोफा मुख्यतः दोन्ही बाजूंस असत. म्हणून मराठे त्यांस मागून गांठीत. पाठलाग झालाच तर गलबतें उथळ खाडींत शिरत आणि मोठें जहाज बाहेरच अडून राही.

कोंकणच्या समुद्रांतून जाणाऱ्यानें आंगऱ्यांचें दस्तक घ्यावें, असा नियम होता. न मानणारीं जहाजें पकडलीं जात. यास्तव इंग्रजांनीं कान्होजींस चांचे म्हटलें. वस्तुतः पोर्तुगीज याच समुद्रावर पूर्वीपासून असे परवाने सक्तीनें देत आले होते. परकीयांचा जो हक्क, तोच भूमिपुत्राचा गुन्हा कसा व्हावा, याचा विचार वाचकांनींच करावा.

कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षाचे. १७१३ सालीं त्यांनीं शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैदहि केलें. तथापि बाळाजी विश्वनाथ समेटाचें बोलणें घेऊन आले, तेव्हां १७१४ सालीं तह करून त्यांनीं तो कलह मिटविला. त्याचें फळ पुढें मिळालें. १७१८ सालीं इंग्रज खांदेरीवरून हात हालवीत परतले. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हां शाहूंचें सैन्य साह्यास धांवलें आणि शत्रूचा बेत फसला.

४ जुलै १७२९ रोजीं कान्होजींचा अंत झाला. अलिबागेस त्यांची समाधि आहे. पुढें वारसांत फूट पडली, पेशव्यांशींहि वैर वाढलें. १७५६ सालीं विजयदुर्गास पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेंत आंगऱ्यांचें आरमार जळून खाक झालें. जें परक्यांस एकट्यानें साधलें नाहीं, तें आपसांतील वैरानें साधून दिलें.

२०१९ सालीं भारतीय नौदलांत आलेल्या एका पाणबुडीस खांदेरीचें नांव दिलें आहे. तें नांव ऐकतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं कान्होजींच्या शौर्याबरोबर १७१४ चा तो समेटहि आठवावा, अशी आमची इच्छा आहे.