माइक सोडणारा माणूस

रेडिओवरची कॉमेंट्री तुम्ही बहुतेक ऐकलीच नसेल. मग जॉन आर्लट हे नावही नवीनच.

1914 चा जन्म, इंग्लंडमधला. आधी पोलिसात नोकरी, मग बीबीसीत कवितांचे कार्यक्रम. 1946 ला भारताचा संघ तिकडे गेला आणि त्यांना क्रिकेटचा माइक मिळाला. म्हणजे सुरुवात आपल्याच टीममुळे!

दोन-तीन वर्षांनी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथला वर्णभेद डोळ्यांनी पाहिला. सरकारी फॉर्मवर वंश विचारला होता, यांनी लिहिलं माणूस. पुढे केपटाऊनहून बेसिल डॉलिव्हेराचं पत्र आलं. गोरा नाही म्हणून त्याला देशाच्या संघात जागाच नव्हती. आर्लटनी खटपट करून 1960 ला त्याला मिडल्टन क्लबात आणलं. 1966 ला पठ्ठ्या इंग्लंडकडून टेस्ट खेळला.

1970 ला दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला येणार होता. त्या मॅचेसची कॉमेंट्री करणार नाही, असं आर्लटनी आधीच सांगून टाकलं. पोटापाण्याचं काम होतं ते, बरं का. शेवटी दौराच रद्द झाला.

1980 ला लॉर्ड्सवर त्यांची शेवटची टेस्ट. ओव्हर संपली, पुढच्या कॉमेंटेटरचं नाव सांगून ते उठले. निरोपाचं भाषणबिषण काही नाही. मैदानातले खेळाडूसुद्धा टाळ्या वाजवत होते. मग ऑल्डर्नी नावाच्या छोट्या बेटावर राहिले. 1991 ला तिथेच गेले.