तिथीला वाराची कसोटी लावणारे शिक्षक

उत्तर प्रदेशातून आलेली गर्भवती सांगते, की शेवटची पाळी सावनातल्या वद्य चतुर्थीला आली होती. तरुण डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरात श्रावण वद्य चतुर्थी शोधतो, तारीख लिहितो आणि गर्भ एक महिन्याने लहान ठरतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यांचा श्रावण वद्य पक्ष म्हणजे आपला आषाढ वद्य. सरकारी रुग्णालयात ही गफलत मी पाहिली आहे. अशा वेळी शंकर बाळकृष्ण दीक्षित आठवतात.

दापोलीजवळच्या मुरूड गावी १८५३ मध्ये जन्मलेले दीक्षित पेशाने शिक्षक. ग्रहगणित हा त्यांचा ध्यास. त्या काळी गुप्त संवत नेमका कधी सुरू झाला, यावर विद्वानांत वाद होता. कुणी इ.स. १६६ म्हणे, कुणी १९०. अल-बिरुनीच्या नोंदीवरून ३१९ येत होते. प्रत्येक पक्षाचे गणित वेगळे. खरे कोणते, हे ठरवायचे कसे?

उत्तर शिलालेखांतच होते. मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावर बुधगुप्ताच्या काळातील वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असे कोरलेले आहे. आरंभ ३१९ धरला तर वर्ष येते इ.स. ४८४. दीक्षित यांनी गणित मांडले. तिथी २१ जून ४८४ ला आली आणि तो दिवस गुरुवारच निघाला. जॉन फ्लीट यांच्या १८८८ च्या गुप्त शिलालेखांवरील ग्रंथात हे गणित आधाराला आहे.

पण वार सातच असतात. चुकीचे गणितही सातात एकदा योगायोगाने जुळेल. एका रिपोर्टवर निदान पक्के करू नये, तसेच हे. म्हणून दीक्षित यांनी लेखांतील गुरूच्या बारा वर्षांच्या चक्राचीही स्वतंत्र तपासणी केली.

आपल्या काळातील पंचांग सायन असावे, असा त्यांचा आग्रह होता. तरी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह १८९६ मध्ये सिद्ध केलेल्या तारखांच्या कोष्टकांना त्यांनी मुख्य आधार घेतला तो जुन्या सूर्यसिद्धान्ताचा. लेख कोरणाऱ्यांनी जे पंचांग पाहिले, त्याच गणिताने त्यांची तिथी उलगडणार. आपल्या आवडीच्या गणिताने नव्हे. त्याच वर्षी भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा मराठी इतिहासही प्रसिद्ध झाला. १८९८ मध्ये, पंचेचाळिशी पुरी होण्याआधीच, ते गेले.

आज तिथीची तारीख मोबाइल काढून देतो. त्या प्रोग्रॅमचीही परीक्षा अशीच घ्यायला हवी: उत्तर आधीच ठाऊक असलेल्या तिथी द्याव्यात, आणि अधिक महिना, क्षयतिथी, वद्य पक्ष अशा अडचणीच्या जागा मुद्दाम निवडाव्यात. सोप्या दिवशी सगळेच बरोबर येते. शुद्ध पक्षात उत्तरेचा आणि आपला महिना एकच असतो. चूक दिसते ती वद्य पक्षात.

गर्भवतींना आणि घरच्यांना एवढेच सांगणे: पाळीची तिथी सांगताना गाव आणि जवळचा सणही सांगा, जमल्यास इंग्रजी तारीख लिहून ठेवा आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका. तिथीच्या हिशेबाला ती दुसरी, स्वतंत्र साक्ष आहे.