खारपाणपट्ट्यातलं मीठ आणि 8 इलेक्ट्रॉनचं गणित मांडणारा गिल्बर्ट लुईस

दर्यापूर, अकोट, बाळापूर. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही की विहिरीच्या पाण्यात मीठ आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत सोडियम आणि क्लोराइडचे आयन.

समजा त्या पाण्यातून 3.55 ग्रॅम क्लोराइड आयन वेगळे काढले. त्यात संयुजा इलेक्ट्रॉन किती? अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही नीटच्या क्लासमध्ये शोभेल असा प्रश्न. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत 7 इलेक्ट्रॉन. आयन होताना त्याने एक जास्तीचा घेतला, म्हणून 8. 3.55 भागिले 35.5 म्हणजे 0.1 मोल, आणि 1 मोलात 6.022 × 10²³ आयन. तिघांचा गुणाकार केला की उत्तर येतं साधारण 4.82 × 10²³. घाईत 7 ने गुणलं की मार्क गेले.

बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी मांडायची ही सवय आपल्याला लावली गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी. जन्म 1875, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. लहानपणी शाळा कमी, घरचाच अभ्यास जास्त. 1899 मध्ये हार्वर्डमधून पीएचडी. 1902 च्या सुमारास विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांनी वहीत अणूचा चौकोनी ठोकळा काढला आणि त्याच्या 8 कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवले. ठोकळा पुढे टिकला नाही, 8 चा आकडा मात्र टिकला.

ती कल्पना 14 वर्षं वहीतच होती. 1916 च्या शोधनिबंधात त्यांनी मांडलं की दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात आणि त्यातून बंध तयार होतो. इर्व्हिंग लँगम्युर यांनी ती कल्पना व्याख्यानांतून गाजवली आणि नावही बरंचसं त्यांचंच झालं. लुईस यांना हे खटकलं. पुढे लँगम्युर यांना 1932 चं नोबेल मिळालं, तेही वेगळ्या कामासाठी. लुईस यांचं नाव नोबेलसाठी 40 हून जास्त वेळा सुचवलं गेलं. मिळालं एकदाही नाही. (आमच्या मते नोबेलच्या इतिहासातली ही मोठी चूक आहे.)

बर्कलीत मात्र त्यांनी घडवलेली माणसं नोबेलपर्यंत पोचली. ग्लेन सीबोर्ग तिथे त्यांचे सहायक होते.

23 मार्च 1946 ला, वयाच्या 70 व्या वर्षी, लुईस बर्कलीच्या प्रयोगशाळेत मृतावस्थेत सापडले. प्रयोग हायड्रोजन सायनाइडवर चालू होता. मृत्यूचं कारण म्हणून नोंद झाली हृदयविकाराची.