श्रेयनामावलीबाहेरचा वादक

‘अलबेला’ (१९५१) हा चित्रपट भगवानदादा आणि संगीतकार सी. रामचंद्र यांच्या नावाने ओळखला जातो, आणि ते रास्तच आहे. त्याच चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसणाऱ्या ट्रम्पेटवादकाचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. ते होते चिक चॉकलेट, अर्थात अँतोनियो शावियेर वाझ.

वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील हळदोणे येथे झाला. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. हेतू प्रार्थनासंगीताचा, पण याच शिदोरीवर गोमंतकीय वादकांच्या पिढ्यांनी मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत आणि नृत्यगृहांत पोट भरले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि जाझला या शहरात प्रतिष्ठा लाभली. पुढे त्याच ताजमध्ये चिक चॉकलेट स्वतःचा वाद्यवृंद घेऊन उभे राहिले. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. बिरुद गौरवाचे खरे, पण दुसऱ्याच्या सावलीत उभे करणारेही.

१९४९च्या दारूबंदी कायद्याने मुंबईच्या नृत्यगृहांची रया गेली. वादकांना आसरा उरला तो चित्रपटांचा. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्याकडे चालींचा अक्षय साठा होता. त्या चालींना ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोनची वस्त्रे चढवण्यासाठी वाद्यमेळाची जाण हवी होती. प्रत्येक वादकाचा भाग स्वतंत्रपणे लिहून काढणे, कोणते वाद्य कोठे थांबेल आणि कोठे उसळेल हे ठरवणे, हे गोमंतकीय साहाय्यकांचे काम. चिक चॉकलेट यांनी ते सी. रामचंद्रांसाठी केले. चाल कोणाची हे तबकडीवर छापलेले असे. रंग कोणाचे याला तेथे जागा नव्हती. यात संगीतकाराचे थोरपण उणे होत नाही, हिशेब मात्र अपुरा राहतो.

‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) यांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले, परंतु त्या वाटेवर फार यश लाभले नाही. १९६७ मध्ये, पन्नाशी जेमतेम गाठून, ते निवर्तले. पुढच्या फळीतील व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव तरी १९७७ साली, शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे, ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यातून देशभर पोचले, चिक चॉकलेट यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.